गेमच्या काट्यातली खोट

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच). वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या मातोश्रींचं, म्हणजे आमच्या सासूबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. मी त्यांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालतो. उरलेल्या वेळात त्या मला गोळ्या घालतात.

(घाबरू नका, मोबाइलवरच्या गेममध्ये.) करमणूक म्हणून गेम मीच शिकवला. ऑपरेशनआधी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिसत नसे. आता छपरावर दबा धरून बसलेला मीसुद्धा दिसतो. पण दादा, सगळी नोकरी मी दुकानांचे वजनकाटे तपासण्यात काढली. खोट मला वासावरून कळते, आणि ह्या गेममध्ये ती आहे. हरून हरून मी फोन ठेवायला लागलो, की अचानक माझा नेम लागतो आणि मी जिंकतो. मान ताठ करून पुढच्या डावाला बसावं, तर माझ्या गोळ्या कापसाच्या झालेल्या! आमच्या जुन्या ऑफिसातल्या शिपायाचंही हेच म्हणणं आहे, की हरणाऱ्याला गेम आतून गोंजारतो, म्हणजे तो उठून जात नाही.

मग मी रीतसर तपासणी केली. त्यांचा फोन मी घेतला, माझा त्यांना दिला. माझ्याच फोनवरून त्यांनी मला जिन्यात गाठलं, आणि वर "जावईबापू, असं जिन्यात उभं राहू नये," हेही सांगितलं. म्हणजे गेम फोन नाही, माझे अंगठे ओळखतो. तुमच्या बहिणीला हे सांगितलं, तर भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "तुम्हाला खेळता येत नाही, असं नसेल कशावरून?" ह्या शक्यतेचा मी विचार केला (जेवण होईपर्यंत) आणि ती फेटाळली. कंपनीकडे तक्रार केली. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,' असं उत्तर आलं. खोटा काटा पकडला गेलेला दुकानदारही आधी असाच गोड बोलतो.

बाकी घरी सगळे मजेत.

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : रविवारी आईंना न्यायला येताय असं कळलं. एवढ्यात येऊ नका. तपासणी अर्धवट सोडता येत नाही. (शिवाय त्या गेल्या की घर फार गप्प होईल.)

ता. क. दुसरा, आईच्या हातचा : बाळ, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. गेममध्ये काही खोट नाही. ते रुसून उठायला लागले, की मीच नेम चुकवते. ते गेले तर दुपारभर मी कुणाशी बोलायचं? परवा तर मुद्दाम त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, तरी आधी चार गोळ्या झाडावर मारल्या बिचाऱ्यांनी. त्यांना यातलं काही बोलू नकोस. आणि रविवारी खरंच येऊ नकोस.