हृदयाचा हललेला फोटो

३ मार्च, सोमवार
अटॅक येऊन दोन महिने झाले. उरलेल्या रक्तवाहिन्या कुठे अरुंद झाल्यात का, ते डॉक्टरांना बघायचंय. नळीबिळी घालणार नाहीत. हातात एक सुई आणि सीटी स्कॅन. म्हणजे फोटोच की! फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला फोटोचं काय शिकवणार? लोकांना 'हलू नका' सांगण्यात हयात गेली. गुरुवारची वेळ मिळाली. ठोके संथ हवेत, म्हणून आदल्या दिवसापासून कॉफी बंद. मी आजपासूनच सोडली.

४ मार्च, सकाळ
माझ्या सोबतीला म्हणून हिनेही कॉफी सोडली. डोकं धरून बसलीय बिचारी. मनाची तयारी लागते.

दुपार
स्टुडिओत एक कप घेतला. बंदी उद्यापासून आहे.

५ मार्च
लग्नाचा अल्बम आजच द्यायचा होता. डुलकी लागून नवरीचं डोकंच कापलं. नाइलाजाने दोन कप. बिनसाखरेची घेतली, एवढा संयम पाळला. उशिरा घरी गेलो तर ही चिडली. मीही आवाज चढवला. अपराधी वाटलं की माझा आवाज आपोआप चढतो.

६ मार्च, गुरुवार
सकाळी स्टुडिओचं कुलूप बघून येतो म्हणून निघालो. भीतीने हातपाय गार पडले होते. अर्धाच कप, औषधासारखा.
टेक्निशियनने विचारलं, कॉफी घेतलीत का? ही शेजारीच उभी. छे, म्हणालो. ठोके ब्याण्णव. गोळी देऊन बसवून ठेवलं, तरी फारसा फरक नाही. मशीनमध्ये मी श्वास रोखून दगडासारखा पडलो, पण आतलं गिऱ्हाईक ऐकेना. फोटो हलला. नेमकी मोठी रक्तवाहिनी धूसर. अरुंद आहे की नाही, सांगता येत नाही म्हणे. पुढच्या गुरुवारी पुन्हा.
ही डॉक्टरांना म्हणाली, "काल मी यांच्यावर ओरडले. त्यानेच झालं असणार."
खुलासा करायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला.

९ मार्च
कॉफी खरोखरच बंद. घशाखाली उतरत नाही. ही आता ओरडतच नाही. ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकून पाहिला. मुकाट्याने उचलून वाळत घातला. फार लाज वाटली. उद्या सांगणार.

१० मार्च
मेहुणी आली होती. असल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत.

१३ मार्च, गुरुवार
ठोके अठ्ठावन्न. फोटो लख्ख, मीच काढल्यासारखा. एका ठिकाणी थोडी अरुंद आहे, पण गोळ्यांवर भागेल. ऐकून हिचे डोळे भरून आले. जिना उतरताना ठरवलं, आता सगळं सांगून टाकायचं.
तेवढ्यात तीच म्हणाली, "बघितलंत? आठवडाभर मी तोंड बंद ठेवलं, तर किती शांत चाललं. आता जन्मात ओरडणार नाही तुमच्यावर."
मी म्हणालो, "जमेल तुला."