नीनोची भट्टी

न्यूनेन, नेदरलँड्स, मंगळवार संध्याकाळ

नीनोच्या बेकरीत जॉर्जियन पाव आणायला गेले होते. मातीच्या खोल भट्टीत कमरेपर्यंत वाकून ती आतल्या भिंतीला पीठ थापते. आज वाकली ती वर येईचना. मी ॲप्रन धरून ओढलं. चेहरा पांढराफटक.

"थंडी पडल्यापासून रोजच चक्कर येते," म्हणाली.

खिडक्या बंद. माझंही डोकं जड झालेलं. मग भट्टीचा धूर, त्यातला विषारी वायू जातो कुठे?

"भट्टी विझव, डॉक्टरकडे चल."

"एवढे पाव निघू देत, मग जाते."

मी निघून का आले? ती वाकलेली पाठ डोळ्यांसमोरून हलत नाही. घरी येऊन फोन केला, ती उचलेना, तेव्हा ११२ला कळवलं, नवऱ्याला तिकडे पिटाळलं.

आत्ता त्याचा फोन आला. काच फोडून तिला बाहेर काढलंय. श्वास चालू आहे, पण हाकेला ओ देत नाही.