ब्रीनासाठी मिळालेली खोली

३ नोव्हेंबर

चक्कीवाल्या आंजेलोची कुत्री आज सकाळी गेली. तोंडाला फेस, पाय लाकडासारखे. रानाच्या वाटेवर कोणीतरी खिम्याचा गोळा टाकून ठेवला होता, आत विष. ओकच्या मुळांशी मातीखाली ट्रफलं, ती सोन्याच्या भावाची अळंबी, तयार झाली की आमच्या डोंगरात हे सुरू होतं. ती कुत्र्याच्या नाकाशिवाय सापडत नाहीत. दुसऱ्याचं कुत्रं मेलं की त्याच्या वाटणीची ट्रफलं आपली.

माझ्या कुत्रीला, ब्रीनाला, दिवसभर बाहेर सोडलं नाही. दाराशी बसून माझ्याकडे बघत राहिली – जसा काही गुन्हा मीच केलाय.

संध्याकाळी पोद्जोलुंगो हॉटेलच्या मॅनेजर लोरेदानाबाई स्वतः आल्या. गेल्या वर्षापासून मी आणि ब्रीना त्यांच्या पाहुण्यांना ट्रफलं शोधायला रानात फिरवतो. म्हणाल्या, "सामान भरा, एर्सीलियाबाई. मोसम संपेपर्यंत दोघी आमच्याकडे राहा. आमच्या रानाला कुंपण आहे."

मी म्हटलं, माझं घर सोडून मी कुठे जाणार?

"मग नुसती ब्रीना द्या."

सामान भरलं.

४ नोव्हेंबर

खोली म्हणजे काय! इथे पूर्वी तंबाखू वाळवायचे. माझी आई इथेच पानांच्या जुड्या बांधायची. आता मधोमध पांढरा टब आहे, आंघोळ करता करता दरीपलीकडचं गुब्बिओ शहर दिसावं म्हणून खिडकीसमोर ठेवलेला. मी पडदा ओढला आणि बेसिनपाशी उभं राहून अंग पुसून घेतलं.

ब्रीनासाठी गादी, शिवाय तिचं नाव घातलेली ताटली. माझ्यासाठी पांढरा झगा, त्यावर हॉटेलचं नाव. माझं नाव कशावरच नाही. हे बरं आहे. खोली कुणाला मिळाली ते स्वच्छ कळतं.

६ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातून ब्रीनासाठी उकडलेलं मांस आलं. आधी मी एक घास खाल्ला आणि थांबले.

वाढणारा मुलगा हसला. "मावशी, तुमच्यासाठी वेगळं आणतो ना!"

म्हटलं, "मला काही झालं तर तिला देऊ नकोस."

तो हसायचा थांबला.

७ नोव्हेंबर

धुकं. खिडकीपलीकडे काही नाही. कोणाला रानात नेलं नाही.

९ नोव्हेंबर

इथल्या बैठकीत पुस्तकांचं कपाट आहे. पाठींचे रंग जुळवून लावलेली पुस्तकं. निम्म्यांची छापताना जोडलेली राहिलेली पानं अजून कापलेलीसुद्धा नाहीत. मी लोण्याची सुरी आणली आणि एकाची कापायला बसले – मठातल्या साधूंनी मधमाश्या कशा पाळल्या, त्याबद्दल आहे. एक पाहुणे कौतुकाने बघत होते. बहुतेक त्यांना मी सजावटीचाच भाग वाटले.

माझी शाळा लहानपणीच सुटली. पुढचं सगळं फिरत्या वाचनालयाच्या गाडीनं शिकवलं. माझा नवरा नेल्लो म्हणायचा, "तू पुस्तकात हुंग, मी रानात हुंगतो."

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. ट्रफलाच्या जागा त्याने कधी कोणाला सांगितल्या नाहीत. मलाही नाही, चाळीस वर्षांच्या संसारात. मला राग नव्हता. इथले पुरुष तसेच. त्या जागा आता एकट्या ब्रीनाला ठाऊक आहेत. एखाद्या झाडाखाली थांबून ती उकरायला लागली की मनात येतं – हं, इथे यायचास होय. कधी दरडीच्या कडेला, कधी अगदी रस्त्याला लागून, जिथून मी शंभरदा गेले असेन. दर वेळी एक जागा, म्हणजे दर वेळी त्याचं एक वाक्य. तिला काही झालं तर हे बोलणंही बंद होईल.

म्हणून घास आधी मी खाते.

११ नोव्हेंबर

मिलानहून आलेल्या एका बाईंनी चहाच्या वेळी ब्रीनापुढे बिस्कीट धरलं. मी त्यांच्या हातावर फटका मारला. विचार न करता. बिस्कीट गालिच्यावर, बाई लाल, अंगठ्यांचा हात छातीशी.

लोरेदानाबाईंनी बाजूला घेतलं. "एर्सीलियाबाई, त्या दरवर्षी येतात हो."

"ब्रीनाने ते बिस्कीट खाल्लं असतं."

"बिस्कीट आमच्याच स्वयंपाकघरातलं होतं!"

"तेच म्हणतेय मी."

त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला नीट जेवण जातं का?"

१४ नोव्हेंबर

गोळा सापडला. कुंपणाच्या आत.

पोहण्याच्या तळ्याजवळ, लव्हेंडरच्या ओळीत. माळ्याला दिसला म्हणून बरं. जंगलखात्याचे लोक हुंगणारी कुत्री घेऊन आले. पाहुण्यांना सांगण्यात आलं की ही कुत्र्यांची तालीम आहे. पाहुण्यांनी फोटो काढले.

म्हणजे कोणीतरी कुंपणावरून येतं. किंवा कोणाला कुंपण ओलांडावंच लागत नाही.

सकाळपासून सगळ्यांच्या हातांकडे बघतेय. पलंगपोस बदलणारीचे हात, माळ्याचे हात. वाढणाऱ्या मुलाने पाणी ओतलं तेव्हा त्याची नखं पाहिली. काय दिसणार होतं नखांत? लाज वाटली, तरी पाहिली.

१५ नोव्हेंबर

फोस्को आला. नेल्लोचा दोस्त. दोघांची रानं शेजारी शेजारी, जन्मभर एकमेकांशी खोटं बोलून एका टेबलावर पत्ते खेळले. चिखलाच्या बुटांनी थेट पांढऱ्या गालिच्यावरून चालत आला.

"वहिनी, महाराणी झालात की! आम्ही वाकून मुजरा करायचा का आता?"

"आधी बूट काढ."

"मोजे फाटलेत. बूट बरे."

त्याला विचारलं, कोण करत असेल हे? म्हणाला, "हॉटेलने रानाला कुंपण घातल्यापासून अर्धं गाव चिडलंय. उरलेलं अर्धं आधीपासून चिडलेलं आहे. कोणाचं नाव घेणार?" मग खिशातून चामड्याचं मुसकं काढलं. स्वतः शिवलेलं. "हे घाला तिला. हुंगता येतं, खाता येत नाही. ध्यान दिसेल, पण जिवंत राहील."

मी त्याचेही हात पाहिले. त्याला ते कळलं. त्याने दोन्ही तळवे वर करून दाखवले, लहान पोरं जेवणाआधी दाखवतात तसे. कोणीच हसलं नाही.

१७ नोव्हेंबर

मुसकं घालून ब्रीना काम करते, पण रागावून. आज शोधलेलं ट्रफल अंगठ्याएवढं. फ्रान्सच्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. ब्रीनाने माझ्याकडे पाठ केली.

१९ नोव्हेंबर

आज काहीच झालं नाही. त्याचीच भीती वाटली.

२१ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहिते.

सकाळी रानात, बरोबर चार पाहुणे. झुडपात शिरताना मुसक्याचा पट्टा काट्याला अडकून तुटला. ब्रीना बाहेर आली तेव्हा तोंड मोकळं. मी हाक मारली. ती वळली नाही – नाक जमिनीला, सरळ एका दगडाकडे. आणि दगडाशेजारी पानांवर तो गोळा. गुलाबी, ताजा.

मला धावता येत नाही. गुडघे. तशीच निघाले. एक पाहुणा खुशीत म्हणाला, "सापडलं वाटतं!"

ब्रीना गोळ्यापाशी पोचली. आणि बसली. पुढचे दोन्ही पाय जुळवून बसली, मान एका बाजूला फिरवली, आणि मग माझ्या खिशाकडे बघत राहिली. गोळ्याला तिने नाकही लावलं नाही.

मी तिच्याजवळ पोचून चिखलातच बसले. तिचं तोंड उघडून बोट फिरवलं, जिभेखाली, गालात. काही नाही. खिशात पावाचा तुकडा होता तो दिला. तिने तो हक्काने घेतला.

जंगलखात्याचा माणूस म्हणाला, विष तेच. आणि म्हणाला, "हे तिला कोणीतरी नीट शिकवलंय, बाई."

कोणीतरी! नेल्लो आणि ती, दोघंच रोज जायचे रानात. मला काही सांगितलं नाहीस, पण तिला राखून ठेवलंस. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा टबात बसले. पडदा उघडा ठेवून. पाणी थंड होईपर्यंत रडले आणि मग दोन माणसांचं जेवले.

२२ नोव्हेंबर

फोस्को आला. मी उत्साहाने सगळं सांगितलं.

"कशी बसली म्हणालात?"

मी हात जुळवून, मान फिरवून दाखवलं.

"आणि मग?"

"मग माझ्या खिशाकडे बघत राहिली. पावासाठी."

त्याचा कॉफीतला चमचा थांबला. "वहिनी, नुसत्या खिम्यापुढे कुत्रं असं करत नाही. त्याला तो वास ओळखता यावा लागतो. विषाचा."

"मग?"

"मग शिकवणाऱ्याकडे ते असावं लागतं."

मी म्हटलं, त्याला कुठेतरी सापडलं असेल. सावधगिरी म्हणून जवळ ठेवलं असेल.

"असेल," तो म्हणाला. लगेच म्हणाला. "असेलच." आणि टोपी शोधायला लागला. टोपी डोक्यावरच होती.

दारात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा मोरो तसलाच गोळा खाऊन झऱ्यापाशी मेला, त्याला पाच वर्षं झाली. खड्डा खणायला नेल्लोच आला होता. माझ्यापेक्षा जास्त तोच रडला."

कॉफी तशीच राहिली.

२३ नोव्हेंबर

बरं नाही असं सांगून खोलीतच बसले. मधमाश्यांचं पुस्तक उघडलं. एकच ओळ परत परत वाचतेय, अर्थ लागत नाही. ब्रीना पायाशी आहे. तिच्यासाठी मला आता भीती वाटत नाही. मग ही कसली वाटतेय?

नेल्लो कोणाचं वाईट करणारा नव्हता. लिहून ठेवते.

२४ नोव्हेंबर

पट्टा शिवून, मुसकं घालून ब्रीनाला झऱ्याकडे नेलं. ती फोस्कोची बाजू. तिकडे आपण कधी पाऊल टाकत नाही, असं नेल्लो सांगायचा. मी दोन वर्षांत तिला तिकडे नेलं नव्हतं. तरी ती पुढे चालली आणि पायाखालची वाट असल्यासारखी फाट्यावर न थांबता वळली.

झऱ्याच्या जरा अलीकडे ती बसली. पुढचे पाय जुळवून. मान फिरवली आणि माझ्या खिशाकडे बघत राहिली.

मी गुडघ्यांवर बसून हातांनी सगळी पानं बाजूला केली. खाली माती होती. तिथे आता काहीच नव्हतं. ही जागाही त्यानेच तिला शिकवलेली.