खालचा उजवा कोपरा

घरून, ता. कर्जत
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. बन्सी यास,

दादाचे आशीर्वाद. तिकडे तू, तुझी मंडळी आणि सुकन्या सुखरूप असाल असं धरून चालतो. इकडे आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटल्यापासून तिला घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे. तुझ्या विजयावैनीला परवा म्हणाली, "अगं, ह्या भिताडाला इतकी जळमटं हायती आन् तुमी मला आंधळी म्हनत हुता!" विजया हसली, पण लगेच झाडू घेतला. ज्वारी गुडघ्याला लागली आहे. काल एकादशी होती. उपास केला आणि संध्याकाळी भैरोबाला जाऊन आलो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू हसून विषय बदलतोस आणि मीही बदलू देतो. कागदावर तसं होत नाही, म्हणून लिहितोय. वेळ मिळेल तेव्हा एकट्यानं वाच.

आधी संस्थेची बातमी सांगतो. आमच्या शेतकी विद्यालयाची पदविका बदलली. संस्था काढणाऱ्या आप्पासाहेबांचा नातू राजस आता कारभार बघतो. मुलगा चांगला आहे, मला काका म्हणतो. पुण्याहून नवा नमुना करून आणलाय. गुळगुळीत कागद, नोटेवर असते तशी बारीक जाळी, एका बाजूला विद्यार्थ्याचा फोटो, खाली चमकणारा चिकटपट्टीचा शिक्का आणि मोबाईल धरला की उघडणारा चौकोन. नाव छापूनच येतं, सगळ्यांचं एकसारखं. राजसनं विचारलं, "कसं वाटलं, काका?" मी म्हणालो, "स्वच्छ आहे." खरंच स्वच्छ आहे. त्यात कुणाचा हात दिसत नाही.

आपली जुनी पदविका तुला माहीतच आहे, तुझ्या बैठकीत ती तेवीस वर्षं लटकते आहे. तरी लिहितो, कारण पुढचं त्याच्यावर अवलंबून आहे. सायीच्या रंगाचा जाड कागद. वर मधोमध विहिरीवरची मोट. भोवती गेरूच्या रंगाची दुहेरी रेघ. एवढंच छापलेलं असायचं. चार कोपऱ्यांतली ज्वारीची चार कणसं मी हातानं काढायचो, दाणा दाणा करून, आणि सर्वांत शेवटी बोरूनं नाव. दरवर्षी तीसेक पदविका व्हायच्या. आप्पासाहेब कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवायचे. म्हणायचे, "कल्याण, नाव तू घालणार. मग मला काय बघायचंय?" उठावाचा शिक्काही माझ्याच कपाटात असायचा.

लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, तशी पहिली पदविका मी भैरोबाच्या नावानं लिहायचो. 'श्री भैरवनाथ यांस' असं लिहून, चौकट करून देवळाच्या भिंतीला लावायचो. आप्पासाहेबांना ते आवडायचं. पोरं चेष्टा करायची, "भैरोबा दरसाल पास, आन् आमीच कसे गचकतो?" त्या चेष्टेत तूही होतास.

देवाच्या कागदावर मात्र मी तीनच कणसं काढायचो. खालचा उजवा कोपरा मोकळा ठेवायचो. काढणीच्या वेळी आपले वडील खालच्या बांधाच्या कोपऱ्यातली चार ताटं पाखरांसाठी उभी ठेवायचे, ते तुला आठवत असेल. तेच माझ्या मनात होतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. आप्पासाहेबांनाही नाही.

सुकन्या सातवीत असताना तुझ्या बैठकीत उभी राहून मला म्हणाली होती, "काका, बाबांच्या डिप्लोमाचं इथलं कणीस पाखरानं खाल्लं का?" तू मोठ्यानं हसलास. "दादाच्या हातची एकच चूक, ती नेमकी माझ्या वाट्याला आली," म्हणालास. मीही हसलो. चहा सांडला, तो पुसत बसलो.

बन्सी, ती चूक नव्हती.

पण क्रमानं सांगतो, नाहीतर माझ्याकडून काहीतरी सुटेल आणि ते मी मुद्दाम सोडलं असं होईल.

नवा नमुना आल्यावर कारखाने आणि डेअऱ्या जुन्या मुलांकडून तोच मागायला लागल्या. मुलं जुन्या पदविकेचा फोटो संस्थेकडे पाठवतात, तो मी तपासतो आणि मग त्यांना नवी मिळते. राजस म्हणतो, "काका, रजिस्टर उघडायच्या आधी तुम्हाला चौकट बघून कळतं." खरं आहे ते. ऑगस्टमध्ये जामखेडकडच्या एका अमृत नावाच्या माणसाची पदविका आली. कणसं छापलेली होती, चारही एकसारखी. माझी कणसं कधी एकसारखी आली नाहीत. मी 'खोटी' असा शेरा मारला. त्याची डेअरीतली नोकरी गेली.

दिवाळीच्या आधी तो आपल्या दारात आला. मला वाटलं भांडेल. ओट्यावर बसला, आईनं दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुमी वळखलं, त्ये बराबर केलं. माझं खोटंच हुतं. आठ वर्सं कामात कुनी बोट दावलं न्हाई, पर कागुद खोटा हुता. येकच इचारतो, गुरुजी. तुमचा हात कंदी खोटं लिवला न्हाई ना?"

मी म्हणालो, "चहा घेणार?"

तो उठून गेला. आई मला म्हणाली, "त्येनं काय इचारलं आन् तू काय बोल्लास!"

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुझा फोन आला. साखर कारखान्यात शेतकी अधिकाऱ्याच्या जागेसाठी तुझं नाव पुढं गेलंय, महिनाअखेर नवी पदविका द्यायची आहे, फोटो पाठवलाय. किती आनंदात होतास. "पण दादा, राजसला सांग, माझं नाव छापायचं न्हाई. तुझ्या हातचंच पायजे."

गुरुवारी राजसनं मोबाईलवर पाच फोटो दाखवले. तिसऱ्यात मी नावाच्या आधी तो मोकळा कोपरा पाहिला. राजस म्हणाला, "हे सुपेकर म्हणजे तुमचे बंधूच ना? मग हे काय बघायचं! बरोबर म्हणून टाकतो." त्यानं बोट उचललंही होतं. मी म्हणालो, "थांब. रजिस्टर बघून सांगतो." तो माझ्याकडे बघतच राहिला. बाकीच्या चार फोटोंना मी रजिस्टर मागितलं नव्हतं.

आता २००१ चं. वडिलांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि तुझी शेवटची परीक्षा तोंडावर होती. तू त्यांच्यापाशी बसून पुस्तक वाचायचास. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी येणार आणि तू निघणार, असं ठरलं होतं. मी आलो नाही. तुला आणि आईला मी सांगितलं की आप्पासाहेबांनी सोडलं नाही. आजवर तुम्ही तेच खरं मानून आहात.

आप्पासाहेबांनी मला अडवलं नव्हतं. उलट "जा, कागद पडू देत," म्हणाले होते. आदल्या वर्षीच्या मुलांचा समारंभ चार दिवसांवर होता आणि अकरा कागदांची कणसं राहिली होती. दुसऱ्या कुणी ती काढली असती तर बरी आली नसती, असं मला वाटलं. बस एवढंच. मी दोन दिवस कणसं काढत बसलो. तुझे दोन पेपर गेले. मी पोचलो तेव्हा वडिलांची वाचा गेली होती. तू फक्त म्हणालास, "दादा, त्येंला उजव्या कुशीवर निजवू नको, दुखतंय त्येंचं."

पुढच्या वर्षी परीक्षा दे म्हणालो, तर तू म्हणालास, "आता शेत कोन बगनार?" आणि वर्षभर औत धरलंस.

२००२ च्या चैत्रात तुझ्या बरोबरीच्या मुलांच्या पदविका लिहायला बसलो. पहिला कागद देवाचा. सही झालेली, तीन कणसं काढलेली, बोरू शाईत बुडवलेला. रोजच्यासारखं भैरोबाचं नाव घेतलं आणि कागदावर 'बन्सी भिमाजी सुपेकर' असं लिहिलं. त्या ढिगातलं सगळ्यांत चांगलं अक्षर तेच आहे.

शिक्का मारला आणि घरी येऊन तुला म्हणालो, तुझे वर्षभराचे गुण बघून आप्पासाहेबांनी विशेष बाब म्हणून दिली. तू त्यांच्या पाया पडायला निघालास. मी म्हणालो, त्यांना असं आवडत नाही, गाजावाजा करू नको. तू माझ्याच पाया पडलास.

आप्पासाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते त्यांच्या सहीवर आणि माझ्या हातावर विश्वास ठेवून गेले. तुलाही माहीत नव्हतं. हे मी उद्या लेखी देणार आहे.

चौथं कणीस तेव्हा काढलं असतं तर? हा विचार मी पुष्कळदा केला आहे. घेतला होता बोरू हातात. पण ते मला जमलं नाही. कागद देवाचा होता आणि निदान तेवढी खूण राहू दे, असं वाटलं. त्या वर्षी देवळाच्या भिंतीवर चौकट लागली नाही. जत्रेला गुरवानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गुरुजी, यंदा देव नापास झाला व्हय?" लोक हसले. तूही माझ्या शेजारी उभा राहून हसलास. २००१ आणि २००३ च्या मधला खिळा अजून रिकामा आहे. काल संध्याकाळी त्याच्याकडे बघूनच आलो.

गुरुवारी रजिस्टर उघडलं. त्या वर्षीच्या पानावर शेवटच्या नावाखाली एक ओळ कोरी आहे. शाई तीच माझ्याकडे आहे. बोरूही आहे. अक्षर माझंच, कुणाला काय कळणार? राजस तर बघणारही नाही. मी बराच वेळ बसलो होतो, बन्सी. ते लपवत नाही. मला तुझा चेहरा दिसत होता. आणि ओट्यावर पाणी पिणारा तो माणूसही दिसत होता. त्याचं खोटं मी दाण्यांवरून पकडलं आणि माझं खोटं मी चौकटीत घालून भावाच्या भिंतीला लावलं.

रजिस्टर मिटलं. उद्या सकाळी राजसला लिहून देणार आहे की हे नाव नोंदीत नाही, कागद मी लिहिला, शिक्का मी मारला, ज्याच्या नावे आहे त्याला काही माहीत नव्हतं. सोबत माझा राजीनामा. याच्यानं तुझी अधिकाऱ्याची जागा जाईल. कदाचित आहे ती नोकरीही जाईल. तेवीस वर्षं तू लोकांच्या उसाच्या सऱ्या तुडवल्यास, तीही कुठं धरली जाणार नाहीत. राहिलेले दोन पेपर दे, असंही सांगता येत नाही. तो अभ्यासक्रम बंद होऊन आठ वर्षं झाली.

पत्र पोचायच्या आधी मी लिहून दिलेलं असेल. मुद्दाम तसं करतोय. तू फोनवर एकदा "दादा" म्हणालास की मला जमणार नाही.

सुकन्याला काय सांगायचं ते तू ठरव. ती शिकलेली आहे, तिच्या पदवीवरचा चौकोन मोबाईलनं उघडतो. आईला मी अजून सांगितलं नाही. या आठवड्यात सांगेन. आता तिला दिसतं, माझा चेहरा तिच्यापासून फार दिवस लपणार नाही.

एक मागणं आहे. ती चौकट फोडू नकोस. राग माझ्यावर काढ. ती भैरोबाची आहे. तूच आणून त्या खिळ्याला लावलीस तर बरं होईल. येशील त्या दिवशी मी समोर नको असेन, तर तसं विजयाला कळव. मी रानात जाऊन बसेन. यायचंच नसेल तर एसटीवाल्याकडे दे, मी स्टँडवरून घेईन.

कुठल्याही कागदावर वडील नावाच्या आधी 'दस्तुरखुद्द' लिहायचे, तुला माहीत आहे. "सोताच्या हातानं लिवलं की मागनं न्हाई म्हनता येत न्हाई," म्हणायचे. शेकडो पदविका लिहिल्या मी. त्यांवर सह्या दुसऱ्यांच्या असायच्या, माझं नाव कुठंच नसायचं. तुझ्या कागदावरही नाही.

दस्तुरखुद्द
कल्याण भिमाजी सुपेकर