आत्येच्या तोंडून

प्रिय हर्षद,

तुझ्या लग्नाची पत्रिका मिळाली. 'सहकुटुंब' लिहिलंय. माझं कुटुंब म्हणजे आता मी एकटीच. आई शिमग्यानंतर गेली हे तुला ठाऊक आहे, आणि तू दारात फिरकला नाहीस हे मला.

मामाची मुलगी, आत्येचा मुलगा, मग विचारायचं काय! लहानपणापासून सगळे मला तुझीच म्हणायचे आणि मलाही ते गोड वाटायचं. मग बाबा बदलले. शेजारच्या मयताला हसले, पंगतीत दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाल्लं, शेवटी बोलणंच बंद झालं. डॉक्टर मेंदूचा आजार म्हणाले, पण आत्येचं आधीच ठरलं होतं. "माझ्या भावाला या कमळानंच कायतरी खायला घातलंन," असं ती भर देवळात माझ्या आईकडे बोट दाखवून म्हणाली. गुरवाने कौल लावला. देवीला एकच विचारलं, बाहेरून आलेल्या बाईचा यात हात आहे का? उजवा कौल मिळाला, म्हणजे होकार. देवीला मी दोष देत नाही. रक्ताचं तिला कुणी विचारलंच नाही. आपलं लग्न मोडलं आणि त्या दिवसापासून भावकीत कुणी आईच्या हातचं पाणी घेतलं नाही. बाबांचं सगळं अंथरुणात काढणाऱ्या बाईच्या हातचं! तू तेव्हा खांबाला टेकून उभा होतास, तोंड मिटून.

आता ऐक. बाबा असतानाच त्यांचं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं होतं. प्रोग्रॅन्युलिन नावाचं एक प्रथिन असतं, मेंदूच्या पेशींमधला कचरा निपटायला ते लागतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बाबांची एक प्रत बिघडलेली निघाली, म्हणून रक्तात ते प्रथिन जेमतेम निम्मं. ती प्रत आजीची असेल नाहीतर आजोबांची, पण आली ती तुझ्या आजोळातूनच. माझीही तपासणी झाली, माझं प्रथिन पुरेपूर आहे. हे सगळं कळलं तेव्हा मी तुमच्या अंगणात येऊन ओरडणार होते. आईने शपथ घातली. म्हणाली, मी आहे तोवर बोलू नकोस, हर्षदला कुणी मुलगी देणार नाही. तिने तुझ्यासाठी बोल सोसले. माझी आई तशी होती. मी तशी नाही.

गेल्या आठवड्यात हर्णेला गेले होते. लिलावात आत्येची बोली साऱ्या बंदराला ऐकू जायची, आठवतं ना? ती पापलेटांकडे बोट दाखवून नुसती 'ते, ते' करत होती. नाव सापडेना. मग हसली. ते हसू मी घरात वर्षानुवर्षं पाहिलंय. बाबांना पन्नाशीत झालं आणि तिला साठी उलटल्यावर, याचं नवल वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या एखाद्या जनुकातल्या फरकाने ते कुणात लवकर दिसतं, कुणात उशिरा. तपासल्याशिवाय खात्री नाही. पण तिच्यात असेल, तर तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी.

डॉक्टर म्हणाले होते, नातेवाइकांना जपून सांगा. आम्हाला कुणी जपलं होतं? हेच पत्र मी तुझ्या होणाऱ्या बायकोला, श्रद्धालाही पाठवलंय. उद्या तू कुणाच्या मयताला हसलास, तर बाहेरून आलेली बाई तीच असणार. तिला आधीच ठाऊक असू दे. लग्न मोडलं, तर मला वाईट वाटणार नाही.

आत्येला डॉक्टरांकडे ने, तुझंही रक्त दे. पण त्याआधी तिला त्याच देवळात सगळ्यांसमोर उभी कर. कमळाने काही केलं नव्हतं, एवढंच तिने म्हणायचं. घाई कर, हर्षद. तिच्याकडचे शब्द चाललेत, आणि मला हे तिच्याच तोंडून ऐकायचंय.

एकेकाळी तुझीच ठरलेली,
मृणाली