शेऱ्याचा रकाना

३ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली पाणी-पाळीची यादी नव्या प्लॅटफॉर्मवर चढवली आणि गावातले सगळे शिंदे 'शंदिे' झाले. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची. नव्याला ती नंतर लागते. एवढ्याशा वेलांटीने आठवडा खाल्ला.

तात्या, म्हणजे पाणी संस्थेचे सचिव, खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ताई, आमी शंदिे झालो. आता सोयरीक कुठं करायची?"

सगळे हसले. मीही. पण आतून नाही.

त्यांचा कॉम्प्युटर एवढा जुना की त्याला तारीखही आठवत नाही. रोज सकाळी तात्या त्याला आजची तारीख सांगतात, मग तो चालू होतो. नेट नाहीच. माझा मोबाईल खिडकीत उभा करून काम. आमच्या बारामतीच्या ऑफिसातून सागर सर विचारतात, "अजून किती?" त्यांनी एकदा बारामती-इंदापूर आणि पुढे बावड्याकडची एसटी करून इथे यावं. उसाच्या ट्रॉल्यांमागे सरपटत.

६ नोव्हेंबर

वेलांटी जागेवर बसली! शिंदे पुन्हा शिंदे.

आता नवीन कटकट. जुन्यात शेवटी 'शेरा' असा रकाना आहे. नव्यात नाही. म्हटलं बघू तरी काय आहे त्यात. 'नानांना आधी द्यावे.' 'पिऊन येतो, सकाळची पाळी द्यावी.' 'निरोप पुतण्याकडे.' 'दिवसाच द्यावे.' कुणाला पाणी कधी, ते नियमाने ठरायचं सोडून तात्यांच्या शेऱ्याने ठरतं. नाना माजी अध्यक्ष, म्हणून कॅनॉलला पाणी सुटलं की पहिली पाळी त्यांची. वर्षानुवर्षं. आणि कुणी काही बोलत नाही.

सा. सर फोनवर : "शेरा आपल्या मॅपिंगमध्ये नाही. स्किप."

मी आनंदाने स्किप केलं. हे लिहून ठेवते, आनंदाने.

अ‍ॅडमिशनच्या वेळी आप्पा टोपी हातात घेऊन कॉलेजच्या बाकावर दिवसभर बसले होते. ओळखीची पोरं आत जाऊन चहा पिऊन आली. शेवटी यादी लागली ती मार्कांप्रमाणे, म्हणून माझा नंबर लागला. नियम सगळ्यांना एकच असला की आमच्यासारख्यांचं निभतं. ह्या कामात मला बाकी काही नको.

९ नोव्हेंबर

घरी आले. आईने भाकरी थापता थापता विचारलं, "तू नक्की करतीस काय गं? शेजारीण इचारती."

"इथलं सामान उचलून तिथं ठेवायचं. काही सांडू द्यायचं नाही."

"मग हमालीच की! तेवढ्यासाठी एवढं शिकलीस?"

आप्पा इंदापूरच्या मार्केटात हमाल. ते बिलकूल चिडले नाहीत. म्हणाले, "पोतं फाटलेलं आसंल तर उचलायच्या आदी मालकाला दाखवायचं. फाटकी बाजू खाली करून थप्पीला लावायचं न्हाय. एवढं पाळ, मग हमाली म्हन न्हायतर काय बी म्हन."

आई म्हणाली, "लेकीला बी शिकवा आता पोती."

१२ नोव्हेंबर

उद्घाटन. लॅपटॉपला हार घातला. नारळ फोडताना पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले, साडी भिजली. अध्यक्षांनी बटण दाबलं आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पाळीचे मेसेज वाजले. भजनात टाळ वाजावेत तसे.

नानांची पाळी त्यांच्या खऱ्या जागी गेली. २२ तारखेला, दुपारी. आधी नव्हे. मेसेज वाचून ते उठून गेले, पेढाही घेतला नाही.

परत येताना एसटीत उभी होते, तरी काही वाटलं नाही. माझ्या हातून एक गोष्ट सरळ झाली.

१४ नोव्हेंबर

आज शालनकाकू आल्या. पदराला मोबाईल गुंडाळलेला. मला नाही, तात्यांना विचारलं.

"तात्या, माजा शेरा कुठं हाय?"

"ह्या ताईंना इचार. शेरा सुटला वाटंत."

काकूंचं रान चारीच्या, म्हणजे कॅनॉलच्या फाट्याच्या, शेवटाला. नवरा वारला, मुलगी नांदायला, रानात एकट्या राहतात. वांगी आहेत, थोडी मका. दोन्हीकडे दुसऱ्यांचा ऊस, त्यात बिबट्या. मागच्याच महिन्यात शेजारचं वासरू नेलं. 'दिवसाच द्यावे' हा शेरा त्यांचा. मी वाचला होता. नाव वाचलं नव्हतं.

त्यांची पाळी २२ च्या रात्री, मध्यरात्रीनंतर दीडला.

मी म्हणाले, "काकू, आता नियम सगळ्यांना सारखा आहे." बोलता बोलताच माझा आवाज मला ऐकू आला.

"नियम सारका हाय गं बाई. बिबट्याला सांगितलाय का?"

ह्या वेळी पाणी चुकलं तर पुढचं पाणी सुटेपर्यंत वांगी उभी वाळतील. रात्री पाण्याला दारं धरायला गेल्या तर . . .

"बघते" म्हणाले. बघते हा शब्द सरकारी लोक वापरतात.

१५ नोव्हेंबर

सकाळपासून फोन.

सा. सर : "नवीन रकाना म्हणजे चेंज रिक्वेस्ट. अध्यक्षांचं पत्र लागेल. मग एस्टिमेट, मग पुढच्या रिलीजला."

"सर, बावीसला पाळी आहे."

"मनीषा, आपण पाणी सोडत नाही. आपण डेटा नेतो."

पोर्टलवर तक्रार टाकली. जेवून येईपर्यंत उत्तर : आपली अडचण सोडवण्यात आली आहे. खाली पाच चांदण्या, किती समाधानी आहात? एकही चांदणी दाबली नाही तर खिडकी बंद होत नाही! शेवटी लॅपटॉपच बंद केला.

अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चहा दिला, पत्र दिलं नाही. "शेरा चालू केला की पयला फोन नानांचा येतोय. त्यांचा बी चालू करू? तूच सांग." रागाने चहा अर्धा ठेवला. चहाचा काय दोष.

१७ नोव्हेंबर

पूर्वी तात्या पाटकऱ्याला चिठ्ठी द्यायचे, तो तशी चारीची दारं उचलायचा. बबन पाटकरी. आता तो मोबाईल बघतो.

मी त्याला रस्त्यातच गाठलं, काकूंना दिवसा पाणी सोड म्हटलं. मोटरसायकल चालूच ठेवून म्हणाला, "ताई, याद्या तुमीच वरनं पाठवता. तसंच पानी सोडायचं, असं माज्याकडनं लिवून घेतलंय. आता तुमीच तोंडी सांगता दुसरं. उद्या नाना म्हनलं मला बी तोंडी सांगितलंय, तर?"

बरोबर आहे त्याचं. हाच तर माझा मुद्दा होता. माझाच मुद्दा माझ्या अंगावर धावून येतो आहे.

तात्यांवर चिडले. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं कोणता शेरा कशासाठी आहे?" ते म्हणाले, "तू इचारलंस का? आन् इचारलं असतंस, तर नानांचा का हाय ते मला सांगाय आलं असतं का?" मग खिडकीबाहेर बघत बसले. त्या एका शेऱ्याची त्यांनाही लाज आहे, हे आज कळलं.

१९ नोव्हेंबर

जुनी फाईल पुन्हा उघडली. सगळे शेरे वाचले, ह्या वेळी नावांसकट. काही लबाडीचे. काही नुसते रुसवेफुगवे. आणि काही असे की ते गेले तर माणूस अडचणीत येईल. तिन्ही एकाच रकान्यात, एकाच अक्षरात. कोणता कुठला हे कुठलं मशीन ओळखणार? मी तरी ओळखते का? काकू ऑफिसात आल्या म्हणून कळल्या. जे आले नाहीत त्यांचं काय?

बाकीच्यांसाठी तात्यांना उद्यापासून एकेकाला फोन लावायला सांगितलं आहे. "तूच लाव की," म्हणाले. मग मीच पहिला फोन लावला.

२० नोव्हेंबर

मला प्लॅटफॉर्मवर एकच दुरुस्ती करायचा हक्क आहे. नावाची. शंदिेचं शिंदे करण्यापुरता.

तर आज केलं. कंस चालत नाही, रेघ चालत नाही. मधल्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावाच्या जागी जोडून लिहिलं. शालन दिवसाचद्यावे शिंदे. सेव्ह. हिरवी टिक. मशीनने निमूट घेतलं. आता बबनच्या मोबाईलवर यादीत हेच नाव दिसेल.

तात्या मागून वाचत होते. "आता तू बी शेरा मारायला लागलीस."

"हो."

"मग नानांचा?"

"नानांचा नाही."

"का?"

मी सांगितलं. दिवसा पाणी मिळालं नाही तर काकूंनी काय करायचं, ह्याला उत्तर नाही. नानांना आधी मिळालं नाही तर त्यांना फक्त थांबावं लागतं. तात्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली.

पण बरोबर वाटतंय असंही नाही. चोरून केलेलं आहे. नव्या घरात पहिलाच खिळा आणि तोही वाकडा.

२१ नोव्हेंबर

सा. सरांचा फोन, सकाळीच. "एक नाव आधारशी जुळत नाही. दिवसाचद्यावे हे काय आहे?"

'इंदापूरकडे असतं, सर,' असं तोंडावर आलं होतं. फाटकी बाजू खाली. तेवढ्यात आप्पा आठवले.

सगळं सांगितलं. शेरा वाचून मी खुशीत स्किप केला, तेही. सर म्हणाले, "हे मेलवर लिहू नकोस."

लिहिलं. सा. सरांना, त्यांच्या वरच्यांना, अध्यक्षांना. जुना रकाना नेला नाही तर काय काय सांडतं, नावांशिवाय, उदाहरणांसकट. नानांच्या शेऱ्याचंही. तो न्यायचा नाही, पण तो होता हे लपवायचं नाही, असं. नोकरीचं काय होईल माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

नाव उद्या संध्याकाळी आधारप्रमाणे आपोआप पूर्वीसारखं होणार आहे.

२२ नोव्हेंबर

मेलला उत्तर नाही. सरांनी फक्त 'पाहिलं' असं कळवलं.

दुपारी काकूंचा फोन. ओरडून बोलतात, जणू मी चारीच्या पलीकडे उभी आहे. "अगं, मेसेज आला! श्रीमती शालन दिवसाचद्यावे शिंदे, म्हनं आपली पाळी रात्री दीड वाजता. नाव बदललं व्हय माजं?"

"नाव बदललं काकू. वेळ नाही बदलता आली."

"मालकाचं नाव काडून टाकलंस की गं!" आणि हसल्या. मोठ्याने.

मग बबनला फोन केला. म्हणाला, "वाचलं, ताई. आता नाव बी वरनंच आलंय न्हवं? मग दिवसाच सोडाय हरकत न्हाय." मागे मोटरसायकलचा आवाज. "पर दुपारचं पानी नानांचं चालू हाय. नाना सोता बांधावर उभं हायती." आणि फोन तुटला. परत लावला, रेंजच्या बाहेर.

बसवेना. बारामतीच्या ऑफिसातून निघाले. आता इंदापूरच्या स्टँडवर आहे, गाडी लागलेली नाही. ऊन उतरू लागलं आहे. नावही आता लवकरच पूर्वीसारखं होईल.

काकूंना फोन करून विचारलं, तुम्ही कुठे आहात.

"रानात. खोरं घेऊन चारीवर बसलेय. कुनी इचारलं तर मोबाईल दावते. म्हनते, बाबांनो, माजं नावच हाय तसं."