जुन्या भावाचं पेट्रोल

३ डिसेंबर, सकाळी ९

आज आले: स्पार्क प्लग चार, बत्तीस रुपये. पॉलिश पेपर एक, एक. दोनशे पानी वही एक, चार. दुकानदार साडेचार म्हणत होता, दुमडलेला कोपरा दाखवून अर्धा सोडवला. त्याच वहीत हे लिहिते आहे.

कारण गाडी. गेले पंधरा दिवस सकाळी सुरू होताना म्हाताऱ्यासारखी खोकते. तीनचारदा किल्ली फिरवली की थरथरते, मग मान टाकते. सुरू झालीच तर एक्सिलरेटर दाबल्यावर आधी विचार करते, मग निघते. सहा वर्षांत हिचं असं कधी नव्हतं.

ह्यांचं म्हणणं, मेकॅनिककडे न्यावी. मेकॅनिककडे नेली की तो आधी बॉनेट उघडतो, मग आपलं पाकीट. मी मॅट्रिक आहे, शास्त्र विषयात पंचावन्न मार्क होते. तापाच्या पोराचा तक्ता ठेवतात तसा गाडीचा ठेवला तर दोष सापडलाच पाहिजे. कर्ता करविता देव आहे, तक्ता मी ठेवीन.

घाई एवढ्यासाठी की चिमणीला सातवा महिना. बाळंतपणाला लेक माझ्याकडे यायची आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, प्रवास करायचा तर दहा जानेवारीच्या आत, नंतर नाही. दोन बस बदलून येणं तिला झेपायचं नाही. विहीणबाईंचं कार्ड आलं: आमची गाडी पाठवू का, नाहीतर इथेच राहू दे, दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. अक्षर सुरेख, हेतू कळला. मी लगेच कार्ड टाकलं, आमची गाडी ठणठणीत आहे, आम्ही स्वतः न्यायला येतो.

ठणठणीत हे दहा जानेवारीपर्यंत खरं होईल, म्हणजे खोटं नाही.

समाधानाची गोष्ट एकच. पंधरा दिवसांत पंपावर छदाम गेलेला नाही. मागच्या वर्षी भाव वाढणार अशी कुणकुण लागली तेव्हा मी तीन तास रांगेत उभी राहून पाच डबे भरून घेतले होते, ते मागच्या पत्र्याच्या खोलीत जपून ठेवले होते. ते आता काढलेत. पहिला संपला.

५ डिसेंबर, सकाळी ७.१०

थंडी: भरपूर. किल्ली: सहा वेळा. खोकला: कोरडा.

नवे प्लग बसवले. मी गाडीसोबत आलेलं पुस्तक मोठ्याने वाचत होते, हे बसवत होते. मध्येच म्हणाले, जरा हळू वाच, पाना हातात आहे. फरक शून्य. जुने प्लग घासून पुसून डब्यात ठेवले. त्यांचा दोष नव्हता, उगीच काढले.

समोरचे रिटायर्ड पोस्टमास्तर मफलर गुंडाळून आले आणि गाडी ढकलून गेले. सभ्य माणूस. पण ढकलताना त्यांनी तीन वेळा सांगितलं की त्यांच्या नोकरीत टपालाची गाडी एकदाही थांबली नाही.

९ डिसेंबर

संशय बॅटरीवर. टर्मिनल गरम पाण्याने आणि सोड्याने धुतली. बॅटरीला थंडी बाधते असं पुस्तकात आहे, म्हणून संध्याकाळी ती काढून स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला आणून ठेवली. ह्यांना एरवी तिथे पाट मांडू देत नाही, त्याची त्यांनी आठवण करून दिली.

सकाळी स्टार्टर जोरात फिरला. इंजिन मात्र ढिम्म. म्हणजे बॅटरी निर्दोष. संशयितांतून नाव कमी केलं.

१३ डिसेंबर

गाडीला गोधडी शिवली. दोन जुने कोट, एक पडदा आणि ह्यांची खाकी पँट. पँट अजून वापरात होती असं त्यांचं म्हणणं. मग गेले वर्षभर ती खुंटीवर का होती?

गोधडी बॉनेटवर बरोबर बसली. पोस्टमास्तर म्हणाले, आता बाळ झोपू दे.

१४ डिसेंबर, सकाळी ७.२०

किल्ली: नऊ वेळा. खोकला: ओला.

पोस्टमास्तरांची कंबर धरली. उद्यापासून येणार नाहीत.

१५ डिसेंबर

खूप विचार केला. दोष गाडीत नसून पायात आहे. हे किल्ली फिरवायच्या आधी एक्सिलरेटर दोनदा दाबतात, मग चोक ओढतात, मग देवाचं नाव घेतात. क्रम चुकला. देव आधी, चोक मग, पाय शेवटी. तसं कागदावर लिहून स्टिअरिंगपुढे चिकटवलं.

शिवाय नवस बोलले. गाडी एका किल्लीत सुरू झाली तर घरात चहाला साखर बंद. साखर महागलीच आहे, पण नवस मनापासून केला.

१९ डिसेंबर

दुसरा डबाही टाकीत गेला, आज तिसरा ओतला. फडक्याने गाळून, थेंब न सांडता. हे बाजूला उभे होते. म्हणाले, ह्याला वास वेगळा येतोय, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. मी म्हटलं, तुमचं सर्दीचं नाक. ते गप्प बसले. एकतीस वर्षांत हा त्यांचा मोठा गुण.

२२ डिसेंबर

मेकॅनिक सायकलवरून जाताना आपणहून थांबला. मी काही बोलावलं नव्हतं. पंधरा मिनिटं कार्बोरेटरशी खुडबुड केली, कान लावून ऐकलं, मग विचारलं, पेट्रोल कुठलं भरता? मी सांगितलं, पंपावरचंच. शब्दाला शब्द खरं आहे. हे उगीचच खाकरले.

मेकॅनिक म्हणाला, एकदा टाकी रिकामी करून ताजं भरून बघा. दहा घेऊन गेला.

ताजं! म्हणजे आधीचं ओतून द्यायचं. मेकॅनिक आणि पंपवाला मावसभाऊ असणार. माझ्या घरात शिळं काही नसतं, कालचं असतं. भाकरी असो, भाजी असो, ह्याच नियमावर संसार उभा केला आणि चिमणीला शिकवलं.

२८ डिसेंबर, सकाळी ७

किल्ली: एक. खोकला: नाही.

तीन दिवस सलग. एक्सिलरेटर दाबला की गाडी विचार न करता निघते. परवा चढावरसुद्धा दम लागला नाही. गोधडी, क्रम आणि नवस, तिघांचं श्रेय. तक्ता पूर्ण झाला असं समजायला हरकत नाही. देव्हाऱ्यात दिवा लावला. साखरेचा डबा वरच्या फळीवर.

विहीणबाईंना कार्ड टाकलं: नऊ जानेवारीला सकाळी येतो, गाडी ठणठणीत आहे. चिमणीची खोली झाडून घेतली. तिची खाट उन्हात टाकली. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवते आहे, आठ झाली.

३१ डिसेंबर

ह्यांचा शर्ट धुवायला काढला तर खिशात पंपाची पावती. पंचवीस तारखेची. वीस लिटर, आजच्या भावाने.

एकतीस वर्षांचा संसार, आणि चोरून पेट्रोल भरतात. पत्र्याच्या खोलीत दोन डबे भरलेले असताना. विचारलं तर म्हणाले, टाकी खडखडीत झाली होती, वाटेत पंप दिसला, भरलं. आणि मग हळूच, गाडी त्या दिवसापासूनच बरी चालते, पाहिलंस ना?

पाहिलं. गोधडी तेरा तारखेपासून आहे, गुण यायला बारा दिवस लागणारच. औषधालाही लागतात.

झालेल्या उधळपट्टीची भरपाई म्हणून चौथा डबा आजच ओतला. टाकी काठोकाठ. नव्या वर्षाचे संकल्प: (१) नवऱ्याचे खिसे आठवड्यातून दोनदा. (२) रागावायचं नाही. (३) नातवंडाला पहिल्या दिवसापासून काटकसर.

३ जानेवारी, सकाळी ७.३०

किल्ली: अकरा. खोकला परत आला, आता कफ धरलेला.

कारण सापडलं. ह्यांनी ऑफिसात साखरेचा चहा घेतला. स्वतः कबूल केलं. नवस सगळ्या घराचा होता. असं असेल तर देवाने तरी किती सांभाळायचं?

७ जानेवारी

चिमणीचं पत्र. चार ओळी. आई, तू गाडी ठणठणीत आहे असं लिहितेस आणि बाबा त्याच कार्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितात की बघू. खरं काय ते सांग. नसेल जमत तर मी इथेच राहीन, सासूबाई सगळं करताहेत. पण वाट बघायला लावू नकोस, मला आता वाट बघवत नाही.

दोनदा वाचलं. सासूबाई सगळं करताहेत ही ओळ तिसऱ्यांदाही वाचली.

उत्तर: सामान बांधून ठेव. नऊला सकाळी नऊ वाजता दारात.

९ जानेवारी, पहाटे ५.३०

तयारी: गोधडी, दुपटी बारा, गरम पाण्याची पिशवी, वाटेत कमी पडू नये म्हणून पाचवा डबा डिकीत. साठ किलोमीटर म्हणजे काही फार नाही.

किल्ली: चौदा. झाली सुरू. देवाला कळतं. निघतो.

९ जानेवारी, दुपारी १

हे एका अनोळखी गॅरेजच्या बाकावर बसून लिहिते आहे.

तेविसाव्या किलोमीटरला चढ लागला. गाडी कचरली, पुढे गेली, पुन्हा कचरली, आणि उभी राहिली. तिथून एका ट्रकवाल्याने दोर बांधून इथे आणून सोडली. त्याने पैसे घेतले नाहीत. आमच्याकडे पाहून घेववले नसावेत.

इथला मिस्त्री पिकल्या मिशांचा. त्याने प्लग पाहिले नाहीत, बॅटरी पाहिली नाही. टाकीखालची नळी काढली आणि बरणीभर पेट्रोल घेऊन उजेडात धरलं. रंग बिनदुधाच्या चहासारखा. मला वास घ्यायला लावला. जुन्या रंगाच्या डब्यासारखा होता.

विचारलं, किती दिवसांचं? हे खाली वाकून टायर बघू लागले. टायरला काही झालं नव्हतं.

मी सांगितलं, चौदा महिन्यांचं.

तो हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाई, मुरायला हे लोणचं नव्हे. पेट्रोल शिळं होतं."

कार्बोरेटरमध्ये चिकटा बसला आहे. टाकी धुवायची, नळ्या धुवायच्या, दोन दिवस. ह्यांनी गॅरेजच्या फोनवरून जावईबापूंच्या ऑफिसात कळवलं. तासाभराने तिकडून फोन आला. चिमणी नऊपासून पायरीवर बसून होती, पिशवी मांडीवर घेऊन. पाय सुजले म्हणून विहीणबाईंनी डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी सांगितलं, आता हलायचं नाही. आज नाही, उद्या नाही. विहीणबाईंनी पिशवी आत नेऊन सामान कपाटात लावलं.

ह्यांनी हे सगळं सांगितलं आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. माझ्या चहात साखर नव्हती, त्यांच्याही नव्हती.

१२ जानेवारी

गाडी आली. किल्ली: एक.

पेट्रोल शिळं होतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मॅट्रिकला रसायनात तेलांचा धडा होता, तो मी ऑप्शनला टाकला होता. ह्यांनी मात्र सांगितलं होतं. मेकॅनिकने सांगितलं होतं. तक्ता आज पुन्हा वाचला. डबा ओतल्याच्या तारखा मीच लिहिल्या आहेत आणि खोकल्याच्याही मीच. दोन्ही एकाच पानावर आहेत.

पाचवा डबा मिस्त्रीने सुटे भाग धुवायला मागितला. दिला. भाव सांगितला नाही.

गोधडी उसवून खाकी पँट वेगळी केली. ह्यांना दिली.

विहीणबाईंना पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

सौ. विहीणबाईंना, सप्रेम नमस्कार. गाडी ठणठणीत आहे असं मी आपणांस दोनदा कळवलं. ती तशी नव्हती. चिमणीला त्या दिवशी थंडीत पायरीवर बसावं लागलं, त्याला गाडी नाही, मी कारण. आपण तिचं सामान कपाटात लावलंत, बरं केलंत. आता गाडी खरोखर बरी आहे, पण ह्या कामाला मी ती काढणार नाही. दोन बस बदलून येईन म्हणते, मला झेपतील. बारा दुपटी घेऊन येते. स्वयंपाकघरात आपल्या पद्धतीत हात घालणार नाही, सांगाल ते निवडून, चिरून देईन. चहा मी बिनसाखरेचा घेते. झोपायला चिमणीच्या खोलीत खाली सतरंजी पुरे. तिला राग असेल तर तसंही लिहावं, तरीही येईन. सोबत जोडकार्ड पाठवलं आहे. उत्तराची बाजू कोरी आहे, पत्ता घातला आहे, पैसे भरले आहेत. कोणत्या तारखेला आलेलं चालेल एवढं उलट टपाली कळवावं.